घरची परसबाग: आखणी, लागवड आणि निगा

परसबागेत घरच्या गरजेपुरत्या भाज्या, फळे आणि स्वयंपाकात लागणारी मसाल्याची झाडे लावली जातात. शेतात एका वेळी एकच पीक भरपूर निघते. परसबागेतून मात्र वर्षभर थोडे थोडे आणि वेगवेगळे हाती यावे लागते. त्यामुळे तिची आखणी झाडांच्या यादीपासून सुरू करता येत नाही. ऊन कुठे पडते, माती कोणती आहे, पाणी किती आहे आणि ऋतू कोणता आहे, हे आधी पाहावे लागते. महाराष्ट्रात या गोष्टी थोड्याशा अंतरावर बदलतात. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभ्यापासून बनलेली माती आम्लधर्मी असते. सह्याद्रीच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यात पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि काळी माती चुनखडीयुक्त. दापोलीला जमलेली बाग बारामतीत जशीच्या तशी जमत नाही, ती यामुळे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. पाच माणसांच्या घरासाठी हे रोजचे दोन किलो होतात. एवढी सगळी भाजी घरीच पिकवायची तर साधारण दोन गुंठे जागा लागते. मात्र पंधरा-वीस चौरस मीटर जागेतही पालेभाज्या, मिरच्या, कोथिंबीर, टोमॅटो आणि एक-दोन वेल घरापुरते निघतात. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्या वर्षी लहान जागाच धरावी. निगेअभावी तणात बुडालेल्या मोठ्या बागेपेक्षा नीट राखलेल्या चार वाफ्यांतून अधिक भाजी निघते.

जागा आणि ऊन

टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी अशा फळभाज्यांना रोज किमान सहा तास थेट ऊन लागते. पालक, मेथी, माठ, कोथिंबीर, पुदिना यांना तीन-चार तास पुरतात. आले, हळद, अळू आणि विड्याची पाने विरळ सावलीतही चांगली वाढतात. म्हणून वाफे आखण्यापूर्वी जागेवर सकाळी, दुपारी आणि सायंकाळी ऊन कुठपर्यंत पोहोचते याची नोंद करावी.

ही नोंद एकाच ऋतूत करून भागत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. पुण्यात डिसेंबरमध्ये भर माध्यान्हीही तो क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच येतो. त्यामुळे बागेच्या दक्षिणेला तीन मीटर उंच भिंत असेल, तर तिची सावली उत्तरेला जवळजवळ पावणेतीन मीटर पडते. उन्हाळ्यात मोकळा वाटलेला वाफा हिवाळ्यात दिवसभर सावलीत राहतो तो असा. मेच्या मध्याच्या सुमारास मुंबई-पुण्यात सूर्य माध्यान्ही डोक्यावर येतो, त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत तो किंचित उत्तरेकडे असतो आणि मग पुन्हा दक्षिणेकडे सरकतो. उत्तरेकडच्या सज्जात थेट ऊन येते ते मुख्यतः याच महिन्यांत. तिथे फळभाज्यांचा आग्रह न धरता पालेभाज्या, पुदिना आणि गवती चहा लावावा. दक्षिण आणि पूर्व दिशेच्या सज्जात बहुतेक भाज्या येतात. पश्चिमेचे ऊन एप्रिल-मेमध्ये फार कडक असते, तेव्हा तिथे निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी.

वेलांचे मांडव, शेवगा, पपई आणि केळी बागेच्या उत्तर बाजूला ठेवाव्यात, म्हणजे त्यांची हिवाळी सावली वाफ्यांवर पडत नाही. आंबा, फणस, वड, पिंपळ यांसारखी मोठी मुळे पसरणारी झाडे घराच्या पायाजवळ किंवा शौचालयाच्या टाकीजवळ लावू नयेत.

गच्चीवर बाग करताना आधी वजनाचा हिशेब करावा लागतो. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकांनुसार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरला जातो. ३० सेंटिमीटर जाडीचा ओल्या मातीचा थर मात्र दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरतो. म्हणून संपूर्ण गच्चीवर माती पसरू नये. पालापाचोळा, कंपोस्ट आणि कोकोपीट यांचे हलके मिश्रण कुंड्यांत किंवा पिशव्यांत भरावे, आणि जड कुंड्या तुळयांच्या व खांबांच्या रेषेवर ठेवाव्यात. कुंड्या विटांवर उचलून ठेवल्या की खालचे पाणी वाहून जाते आणि गळतीही लवकर लक्षात येते. इमारत जुनी असेल तर स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.

माती

माती ओळखण्याची सोपी चाचणी घरीच करता येते. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती आणि बाकी पाणी घालून जोरात हलवावे आणि बाटली स्थिर ठेवावी. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत बसतो, चिकणमातीला दिवस किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. थरांच्या जाडीवरून मातीचा पोत कळतो. आम्लता, क्षार आणि अन्नद्रव्ये यांची नेमकी माहिती हवी असेल, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्यावा.

काळी माती पाणी धरून ठेवते, पण पावसात तिच्यात हवा राहत नाही आणि मुळे गुदमरतात. उन्हाळ्यात ती भेगाळते. अशा जमिनीत पावसाळी लागवड उंच गादीवाफ्यावर करावी आणि दरवर्षी भरपूर कंपोस्ट मिसळावे. वाळू घालून ती सुधारेल असे समजू नये, कारण थोड्या वाळूने चिकणमाती आणखी घट्ट होते. काळ्या चुनखडीच्या मातीत नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या, तर ते बहुधा लोह कमी पडल्याचे लक्षण असते. तिथे लोह मातीत असते, पण विम्लतेमुळे मुळांना मिळत नाही. सेंद्रिय खताने हा दोष हळूहळू कमी होतो. कोकणातील जांभ्याच्या मातीत निचरा उत्तम असतो, पण मुसळधार पावसात अन्नद्रव्ये धुऊन जातात. म्हणून तिथे खत एकदम न देता पावसाळ्यात थोडे थोडे द्यावे आणि माती उघडी ठेवू नये.

जमीन खणायची ती वाफसा आल्यावरच. मातीचा गोळा करून कमरेइतक्या उंचीवरून सोडला आणि तो फुटून विखुरला, तर वाफसा आला आहे असे समजावे. चिखलात खणलेल्या काळ्या मातीची ढेकळे होतात आणि ती हंगामभर फुटत नाहीत.

कुंड्यांसाठी एक भाग चाळलेली माती, एक भाग कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट हे मिश्रण चांगले. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते पाण्यात भिजवून, पिळून, दोन-तीनदा धुऊन वापरावे. पालेभाज्यांना १५ ते २० सेंटिमीटर खोलीचा पसरट ट्रे पुरतो. मिरची, वांगी, टोमॅटो यांना प्रत्येकी १५ ते २० लिटरची आणि किमान ३० सेंटिमीटर खोल कुंडी लागते. दुधी, दोडका, कारले यांना त्याच्या दुप्पट मोठी. भांडे कुठलेही असो, तळाला छिद्रे हवीतच.

पाणी

वाफ्यातील भाज्यांना हिवाळ्यात दर चौरस मीटरला रोज तीन-चार लिटर, तर कोरड्या भागातील एप्रिल-मेमध्ये सहा ते आठ लिटर पाणी लागते. हा ढोबळ हिशेब आहे. खरा निर्णय मातीत बोट घालून करावा. वरचे दोन पेरे कोरडे लागले तर पाणी द्यावे, ओलसर लागले तर देऊ नये. बागेत नव्याने काम करणाऱ्यांची रोपे पाण्याअभावी मरतात त्यापेक्षा जास्त पाण्याने सडतात. पाणी सकाळी आणि बुडाशी द्यावे. सायंकाळी पाने भिजवली की ती रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला वाव मिळतो. टोमॅटोला कधी कोरडे, कधी भरपूर असे अनियमित पाणी मिळाले, तर झाडाला चुना नीट शोषता येत नाही आणि फळाचा तळ काळा पडतो.

पाणी वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आच्छादनाचा. वाळलेला पाला, उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा गवत पाच ते आठ सेंटिमीटर जाडीने झाडाभोवती पसरावे; खोडाला मात्र टेकू देऊ नये. बाष्पीभवन घटते, तण दबते आणि आच्छादन कुजून मातीत मिसळते. जिथे पाणी कमी आहे तिथे रंग न दिलेले, सच्छिद्र मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे. पाणी हळूहळू झिरपत भोवतीच्या चार-पाच वेलांना पोहोचते. तांदूळ, डाळ आणि भाज्या धुतलेले पाणी थेट बागेत वापरता येते. न्हाणीच्या आणि मोरीच्या सांडपाण्यावर केळी, अळू आणि कर्दळ लावण्याची जुनी पद्धत योग्यच आहे. साबणाचे पाणी पालेभाज्यांना आणि कुंड्यांना देऊ नये, कारण त्यातील क्षार मातीत साठत जातात. कुंड्यांखालच्या ताटल्यांतील साठलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण ओतून टाकावे, नाहीतर डेंग्यू पसरवणारे डास तिथेच वाढतात.

खत

परसबागेचे मुख्य खत घरातच तयार होते. भाज्यांची देठे, साली, चहाचा चोथा असा ओला कचरा आणि वाळलेला पाला, कागदाचे तुकडे असा सुका कचरा यांचे आळीपाळीने थर द्यावेत. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त आणि सुक्यात कर्ब जास्त. कुजवणाऱ्या जीवाणूंना नत्राच्या पंचवीस-तीस पट कर्ब लागतो. मापाने सांगायचे तर एक टोपली ओल्या कचऱ्याला दोन टोपल्या वाळलेला पाला घालावा. दुर्गंधी सुटली तर ढिगात ओल जास्त आणि हवा कमी झाली असे समजून सुका पाला वाढवावा आणि ढीग उकरावा. ढीग खाली बसत नसेल, कुजत नसेल, तर पाणी शिंपडावे. दोन-तीन महिन्यांत काळपट, भुसभुशीत, मातीचा वास येणारे कंपोस्ट तयार होते. गांडूळखतासाठी अर्धवट कुजलेला कचरा सावलीतील टाकीत ठेवून गांडुळे सोडावीत. त्यात तेलकट अन्न, मिठाचे पदार्थ आणि लिंबू-संत्र्याच्या साली फार घालू नयेत.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून पालापाचोळा आणि काडीकचरा यांतूनच कसदार माती घडवण्याचे तंत्र शेतकऱ्यांपर्यंत आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांपर्यंत पोहोचवले. पाला जाळण्याऐवजी साठवणे ही त्याची पहिली पायरी आहे.

शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे. कच्च्या शेणखताबरोबर तणाचे बी आणि हुमणीच्या अळ्या बागेत येतात. लागवडीपूर्वी दर चौरस मीटरला दोन ते तीन किलो शेणखत किंवा एक ते दीड किलो गांडूळखत मिसळावे आणि फुले येण्याच्या सुमारास दर झाडाला मूठभर खत पुन्हा द्यावे. निंबोळी पेंड नत्र देते आणि मातीतील काही किडींना आवरही घालते. सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेले जीवामृत घरीही करता येते: २० लिटर पाणी, एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, प्रत्येकी २०० ग्रॅम गूळ आणि बेसन, आणि मूठभर बांधावरची माती. हे सावलीत झाकून, रोज दोनदा ढवळून, दोन-तीन दिवसांनी वापरावे. आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नये. त्यात जीवाणू भरपूर असले तरी अन्नद्रव्ये थोडीच असतात, म्हणून ते कंपोस्टच्या जोडीला द्यावे, त्याच्या जागी नव्हे.

वाफे आणि फेरपालट

वाफ्याची रुंदी एक मीटर ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. पावसाळ्यात वाफा १५ ते २० सेंटिमीटर उंच करावा. हिवाळ्या-उन्हाळ्यात तो सपाट किंवा किंचित खोलगट ठेवला की पाणी वाया जात नाही. दोन वाफ्यांमध्ये ४० ते ५० सेंटिमीटरची वाट सोडावी.

किमान चार वाफे असावेत आणि त्यांत चार गट फिरते ठेवावेत: वांगी-टोमॅटो-मिरची; वेलभाज्या; गवार-चवळी-वाल-वाटाणा अशा शेंगभाज्या; आणि पालेभाज्या व मुळा-गाजर-बीट. वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा एकाच कुळातील असल्याने त्यांचे रोग सारखे असतात. टोमॅटोच्या जागी लगेच वांगी लावली, तर मर रोगाला आयतेच घर मिळते. शेंगभाज्यांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र बांधतात, म्हणून त्यांच्यानंतर पालेभाज्या चांगल्या येतात.

ऋतूनुसार लागवड

जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग नक्षत्र लागते. पाऊस स्थिरावला की भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारले, पडवळ, घोसाळे, दुधी आणि लाल भोपळा लावावा. हळद, आले आणि सुरण मेच्या अखेरीस किंवा पहिल्या पावसाबरोबर मातीत जावे. वाल आणि पावट्याचे बहुतेक गावरान वाण दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाहीत. जूनमध्ये लावले तरी शेंगा हिवाळ्यातच लागतात, म्हणून वेल मोठा होऊनही फुले नाहीत याची काळजी करू नये.

ऑगस्टमध्ये कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, वांगी आणि मिरची यांची रोपे टाकली की सप्टेंबरअखेर पुनर्लागवड करता येते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून, परसबागेचा सर्वांत भरघोस काळ सुरू होतो. मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, मुळा, गाजर, बीट, नवलकोल, वाटाणा आणि लसूण यांना हीच थंडी हवी असते. कोकणात भातकापणीनंतरच्या ओलीवर लाल माठ, मुळा, वांगी, मिरची आणि वाल यांचे मळे याच दिवसांत उभे राहतात.

जानेवारीच्या अखेरीस ते फेब्रुवारीत उन्हाळी भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, कलिंगड, माठ आणि राजगिरा लावावा. मार्चनंतर पालक आणि कोथिंबीर लवकर फुलावर येते, तेव्हा ती अर्धसावलीत आणि थोडीच पेरावी. पारा ३५ अंशांच्या पुढे गेला की टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. उन्हाळी टोमॅटो न धरण्यामागे खताची नव्हे, तापमानाची अडचण असते.

सर्व बी एकदम पेरू नये. मेथी पेरल्यापासून तीन-चार आठवड्यांत, माठ महिन्याभरात, पालक पाच-सहा आठवड्यांत आणि मुळा सहा-सात आठवड्यांत काढणीला येतो. दर पंधरा दिवसांनी अर्धा वाफा पेरत राहिले, तर भाजी एकदम वाढून जून होत नाही आणि खंडही पडत नाही.

पेरणी आणि रोपे

बी आपल्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरावे. कारले, दोडका, दुधी यांचे कठीण बी रात्रभर पाण्यात भिजवावे. धणे हलक्या हाताने रगडून दोन फोडी करून पेरले की उगवण एकसारखी होते. कोथिंबीर दिसायला तरीही आठ ते बारा दिवस लागतात. मुळा, गाजर, बीट यांची पुनर्लागवड करू नये, कारण मूळ दुखावले की ते फाटे फोडते. त्यांची जागेवरच पेरणी करून नंतर विरळणी करावी.

टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी यांची रोपे ट्रेमध्ये करून २५ ते ३० दिवसांनी, मिरची-वांग्याची थोडी उशिरा, सायंकाळच्या वेळी लावावीत. टोमॅटोचे रोप खालची पाने काढून थोडे खोल लावले, तर खोडालाही मुळे फुटतात. टोमॅटोसाठी ६० बाय ४५ सेंटिमीटर, वांग्यासाठी ७५ बाय ६०, कोबीसाठी ४५ बाय ४५ आणि भेंडीसाठी ४५ बाय ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. दाट लावलेली झाडे हवा आणि उजेड यांसाठी भांडतात आणि रोग पटकन पसरतो.

वाणांची निवड करताना राज्यातील कृषी विद्यापीठांनी आपापल्या भागासाठी दिलेले वाण आधी पाहावेत. परभणीच्या विद्यापीठाची 'परभणी क्रांती' भेंडी आणि बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेची 'अर्का अनामिका' भेंडी या पानांच्या केवडा रोगाला तुलनेने तोंड देतात. राहुरीच्या विद्यापीठाचे 'फुले' आणि दापोलीचे 'कोकण' या नावांनी सुरू होणारे अनेक वाण त्या त्या हवामानात पारखलेले आहेत.

वेल, आधार आणि परागीभवन

वेलभाज्यांना दीड-दोन मीटर उंच ताटी किंवा मांडव हवा. मांडवावरील पडवळ आणि दोडका सरळ वाढतो, जमिनीवर सडत नाही. टोमॅटोला रोप लावतानाच बांबूचा आधार द्यावा. नंतर काठी खुपसली की मुळे तुटतात.

दुधी, काकडी, भोपळा, दोडका, कारले यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते, नर फुलाचा देठ सरळ असतो. सुरुवातीला फक्त नर फुले येतात आणि गळतात. ते स्वाभाविक आहे. दुधीचा वेल मांडवावर पोहोचल्यावर शेंडा खुडला की बाजूला फांद्या फुटतात आणि मादी फुले बहुतांशी त्यांच्यावर येतात. मधमाश्या कमी असलेल्या शहरी गच्चीवर छोटी फळे पिवळी पडून गळतात, तेव्हा नर फूल तोडून त्याचे परागकण मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावेत. काकडी, कारले आणि लाल भोपळा यांच्यासाठी हे काम सकाळी करावे. दुधी आणि दोडक्याची फुले सायंकाळी उमलतात, म्हणून त्यांचे सायंकाळी. टोमॅटो आणि मिरचीची फुले स्वपरागित असतात. वारा नसेल तर फांदी सकाळी हलकेच हलवणे पुरेसे होते.

कायमची झाडे

कढीपत्ता, लिंबू, शेवगा, पपई, केळी आणि पेरू ही परसातील नेहमीची झाडे. कढीपत्त्याचे बी लवकर निर्जीव होते, म्हणून ताजेच पेरावे किंवा मुळाशी फुटलेले रोप काढून लावावे. शेवगा पूर्वी फांदीपासून लावत; तमिळनाडूतील पेरियाकुलम येथे निघालेला 'पीकेएम-१' हा वाण बियांपासून लावला तरी पहिल्या वर्षातच शेंगा देतो. शेंगांचा बहर संपल्यावर झाड एक मीटर उंचीवर छाटावे, म्हणजे शेंगा हाताशी राहतात आणि वादळात फांदी मोडत नाही. पपईच्या अनेक वाणांत नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि फुले येईपर्यंत ओळखू येत नाहीत. म्हणून एका आळ्यात तीन रोपे लावून फुलोऱ्यानंतर एक मादी झाड ठेवावे आणि बागेत कुठेतरी एखादा नर राहू द्यावा. पपईच्या बुंध्याशी पाणी साचले तर मुळे लगेच सडतात. पेरूत पुण्याच्या गणेशखिंड येथे निवडलेला 'सरदार' अर्थात 'लखनौ-४९' आणि लिंबात राहुरीचा 'साई सरबती' हे जुने, विश्वासाचे वाण आहेत.

कीड आणि रोग

बहुतेक किडी पानाच्या मागच्या बाजूला सापडतात, म्हणून आठवड्यातून दोनदा पाने उलटून पाहावीत. सुरुवातीला दिसलेला मावा पाण्याच्या फवाऱ्याने किंवा बोटाने पुसून निघतो. पसरल्यावर मात्र तो सहज आवरत नाही. मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा: ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, फडक्याने गाळून त्यात चिमूटभर साबण मिसळावा आणि सायंकाळी फवारावे. उन्हात या अर्कातील प्रभावी घटक लवकर नष्ट होतो. पिठ्या ढेकूण साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने पुसून काढावा. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा; त्यावर उपाय नाही, झाड उपटून टाकावे आणि तो पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत.

वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा आत अळी असते. शेंडा खाली चार बोटांवर कापून नष्ट करावा. कारले, दोडका, काकडी यांच्या कोवळ्या फळांना फळमाशी डंख मारते आणि आत अळ्या पडतात. किडलेली फळे बागेत पडू देऊ नयेत, मातीत खोल पुरावीत, नवी फळे कागदी पिशवीत बांधावीत आणि फळमाशीला ओढणाऱ्या क्यू ल्यूर या गंधद्रव्याचा सापळा टांगावा. पावसाळ्यात गोगलगायींसाठी सायंकाळी ओले गोणपाट पसरावे आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचाव्यात. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी कंपोस्टमध्ये मिसळून दिल्यास रोपे कोलमडणे आणि मर हे रोग कमी होतात. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. लागण झालेली पाने तोडून फांद्या विरळ कराव्यात. लेडीबर्ड भुंगेरे मावा खातात, कोळी आणि चतुर इतर किडी पकडतात. त्यांना जगू द्यायचे तर बागेत थोडी फुले हवीत. झेंडू, तुळस आणि फुललेली कोथिंबीर यासाठी उपयोगी पडतात. झेंडू मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींनाही काही प्रमाणात रोखतो. माकडांचा त्रास असलेल्या कोकणातील वाड्यांत हळद, आले आणि सुरण ही पिके तुलनेने सुरक्षित राहतात.

बाजारातील रासायनिक कीटकनाशक वापरायचेच झाले, तर त्यावर दिलेला प्रतीक्षा काळ संपेपर्यंत भाजी तोडू नये. जी भाजी रोज खुडली जाते तिच्यावर ते टाळलेलेच बरे.

रोजची आणि महिन्याची कामे

रोज पाणी पाहणे आणि काढणी ही कामे पंधरा-वीस मिनिटांत होतात. भेंडी, गवार, काकडी, दोडका एक दिवसाआड तोडले नाहीत तर जून होतात, आणि एखादे फळ वेलावर पिकले की नवी फुले कमी येतात. आठवड्यातून एकदा खुरपणी करावी. तण फुलाला येण्यापूर्वी काढले तर पुढच्या हंगामात ते कमी उगवते. महिन्यातून एकदा झाडांना मातीची भर आणि खत द्यावे. हंगाम संपला की जुनी झाडे उपटून, निरोगी असतील तर कंपोस्टमध्ये टाकून, वाफा दोन आठवडे उन्हात तापू द्यावा.

बियाणे राखणे

टोमॅटो, वाल, चवळी आणि वाटाणा मुख्यतः स्वपरागित असल्याने त्यांचे बी पुढच्या वर्षी बहुधा तसेच उतरते. दुधी, दोडका, काकडी यांचे शेजारच्या वाणाशी सहज संकरण होते, म्हणून बियाण्यासाठी एकच वाण लावावा किंवा फूल कापडात बांधून हाताने परागीभवन करावे. संकरित बियाण्याच्या पाकिटातील झाडांपासून राखलेले बी एकसारखे उतरत नाही. सर्वांत निरोगी झाडावरची, लवकर लागलेली दोन-तीन फळे बियाण्यासाठी सोडावीत. वांगे पिवळे पडेपर्यंत, भेंडी वाळून करकरीत होईपर्यंत आणि दुधी-दोडका पूर्ण वाळेपर्यंत झाडावर ठेवावा. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस आंबवून बी धुवावे आणि सावलीत वाळवावे.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान वालाच्या आणि इतर भाज्यांच्या अनेक वाणांचे बी अशा घरगुती पद्धतींनी राखून बियाणे बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. खेड्यांत बी राखेत मिसळून मडक्यात किंवा वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात ठेवण्याची पद्धत आहे; राख ओल शोषते आणि भुंगे दूर ठेवते. शहरात कोरड्या काचेच्या बरणीत, वाण आणि वर्ष लिहून, थंड अंधाऱ्या जागी बी ठेवावे. मे महिन्यात त्यातील दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. सात-आठ उगवल्या तर बी पेरणीयोग्य आहे. चार-पाचच उगवल्या तर दुप्पट दाट पेरावे, आणि त्याहून कमी उगवल्या तर नवे बी आणावे.